सगळ्यांसारखं, पण जरा वेगळं

दादर पश्चिमेच्या गर्दीतून वाट काढत पुढे गेलं की मॅचिंग सेंटरं लागतात. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर ब्लाउजच्या टू-बाय-टू कापडाच्या घड्या: रामा, राणी, मोरपंखी, डाळिंबी, अबोली, श्रीखंडी, विटकरी, कोनफळी. गिऱ्हाईक पिशवीतून साडीचं टोक बाहेर काढतं, दुकानदार बघून न बघितल्यासारखं करतो आणि अचूक तीन घड्या समोर टाकतो. पुढचा विधी ठरलेला. साडी आणि कापड घेऊन बाई दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात जाते. दुकानदार अडवत नाही. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात फटकून वागू शकतात, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याला पदार्थविज्ञानातलं कारणही आहे. दोन कापडांवरचे रंग वेगवेगळ्या रसायनांचे असतात आणि प्रकाशातले वेगवेगळे भाग परत फेकतात. ट्यूबलाइटच्या उजेडात जे भाग कमी असतात, ते उन्हात भरपूर असतात आणि फरक उघडा पडतो.

मीटरभर ब्लाउजपीससाठी एवढा खटाटोप. वास्तविक ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला रामा आणि मोरपंखी यांतला फरक सांगता येईल याची खात्री नाही. लोकलच्या गर्दीत तर साडी दिसतसुद्धा नाही, दिसतं ते खांद्याचं टोक. तरीही बाई उन्हात उभी राहून दोन कापडं एकमेकांना लावून बघते, मान हलवते आणि आत जाऊन सांगते, ‘एक छटा गडद दाखवा.’

‘स्टाइल’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सिनेनट्या, रॅम्प, चकचकीत मासिकं. खरी स्टाइल राहते ती अशा ठिकाणी. ब्लाउजच्या बाहीची लांबी, गळ्याचा आकार, टिकली गोल की चंद्रकोर, शर्टाची बाही दुमडायची की बटण लावायचं, घड्याळ उजव्या हातात की डाव्या. या निर्णयांनी कुणाचं पोट भरत नाही, कुणाला बढती मिळत नाही. पण हातात फार काही ठरवायचं उरत नाही अशा दिवसातही एवढं मात्र आपलं आपण ठरवता येतं, आणि त्याची गोडी मोठी आहे.

बर्लिनचे समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी 1904 मध्ये फॅशनवर एक निबंध लिहिला. माणसाला दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात, असं त्यांचं म्हणणं. चारचौघांत मिसळून जायचं असतं आणि चारचौघांपेक्षा निराळंही दिसायचं असतं. फॅशन या दोन्ही ओढी एकदमच भागवते. निबंधातलं उदाहरण युरोपच्या उच्चवर्गाचं होतं, पण झिमेल नवरात्रात मुंबईच्या लोकलने फिरले असते तर त्यांना पुरावा शोधत बसावं लागलं नसतं. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नवरात्रातल्या नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली. त्यामागे कुठलाही जुना धर्मग्रंथ नव्हता, होती ती वर्तमानपत्री कल्पकता. बघता बघता बँका, शाळा, सरकारी कचेऱ्या, लेडीज डबे एकेका दिवशी एकेका रंगात न्हायला लागले. रंग एकच, पण जरा निरखून बघा. हिरव्या दिवशी एकीची इरकल असते, दुसरीचा चुडीदार, तिसरीने हिरवा मिळाला नाही म्हणून नुसत्या काठावर वेळ भागवलेली. चौथीने मुद्दाम पोपटी निवडलेला, कारण बाटलीसारखा हिरवा सगळ्याच घालतात. सामूहिक फोटो काढताना ‘सगळ्या सारख्या’ असा आनंद, आणि फोटो हातात आल्यावर प्रत्येकीची नजर आधी स्वतःकडे.

कपडे निवडण्याचं हे स्वातंत्र्य वाटतं तितकं जुनं नाही. दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात अंगावरचे कपडे माणसाने निवडलेले नसत, ते त्याला लागू झालेले असत. पागोटं, पगडी, रुमाल यांच्या बांधणीवरून जात, गाव, धंदा, कधी कोणत्या संस्थानाची चाकरी हेही कळे. पुणेरी पगडी वेगळी, शिंदेशाही वेगळी, शेतकऱ्याचं पागोटं आणखी वेगळं. लुगडं किती लांब, कासोटा कसा, पायांत वहाणा आहेत की नाहीत, हे सगळं समोरच्याला वाचता येत असे, आणि वाचूनच तो किती अंतरावर उभं राहायचं ते ठरवत असे. त्या वाचनाची सवय अजून पूर्ण मोडलेली नाही. 2009 मध्ये पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2018 मध्ये शरद पवारांनी पुण्याच्या सभेत यापुढे पक्षाच्या कार्यक्रमांत पुणेरीऐवजी महात्मा फुल्यांची पगडीच वापरावी असं सांगितलं, तेव्हा राज्यभर वाद पेटला. डोक्यावर काय घालायचं यावर एवढं रणकंदन होतं, ते कपडे नुसते कपडे नसतात म्हणूनच.

या संदर्भात महाडची आठवण काढायलाच हवी. डिसेंबर 1927 मधल्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. चवदार तळं, मनुस्मृतीचं दहन हे विषय गाजले, पण या भाषणात बाबासाहेब बोलले ते लुगड्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल. गुडघ्यापर्यंत वर नेसलेलं लुगडं आणि गळाभर, कोपरापर्यंत घातलेले कथलाचे, चांदीचे जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती टाका. इतर स्त्रिया नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, स्वच्छ राहा. दुसऱ्याच दिवशी बायका तशा नेसून आल्याचं नोंदलं गेलं आहे. वस्त्र तेच, यार्डंही तितकीच, फक्त नेसण्याची तऱ्हा बदलली. स्वतः बाबासाहेबांचा सूट, टाय आणि चकाकते बूटही याच हिशेबातले होते. ज्या समाजाने काय घालू नये याचे नियम घालून दिले, त्याच्यासमोर काय घालायचं हे ते स्वतः ठरवत होते. गांधीजी कपडे कमी करत गेले, आंबेडकरांनी सूट सोडला नाही. दोघांचीही निवड सारखीच जाणीवपूर्वक होती. ‘कपड्यांत काय आहे’ असं म्हणणारा माणूस बहुधा कपड्यांवरून कधी अडवला गेलेला नसतो.

आनंदीबाई जोशींची अडचण आणखी व्यावहारिक होती. 1883 मध्ये त्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेला पोचल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. हिंदू राहायचं, साडी सोडायची नाही आणि थंडीने आजारीही पडायचं नाही, असा तो मधला मार्ग. तिथल्या सहविद्यार्थिनींबरोबरचं त्यांचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. एक जपानची, एक सीरियाची आणि एक महाराष्ट्राची, तिघीही आपापल्या पेहरावात.

वैयक्तिक शैलीची गंमत मात्र माणसामाणसांत बघावी. विदर्भातले डेबूजी झिंगराजी जानोरकर हे नाव फार थोड्यांना आठवेल. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर खापर आणि हातात खराटा. या वेशामुळे ते गाडगेबाबा झाले. बाबा गावात शिरत तेव्हा पोरंटोरं मागे लागत, मोठी माणसं वेडा समजून हसत. रात्री तोच वेडा कीर्तनात उभा राहून कर्ज काढून लग्न करणाऱ्यांची, देवापुढे बकरं कापणाऱ्यांची भंबेरी उडवी. त्या वेशाला कसलाही खर्च नव्हता आणि एकदा बघितला की तो विसरणं शक्य नव्हतं. जाहिरात क्षेत्रातल्या मंडळींनी धडा घ्यावा असं हे काम आहे, आणि त्यात ढोंग नव्हतं म्हणूनच ते चाललं.

हेमलकशाचे डॉ. प्रकाश आमटे बंडी आणि अर्ध्या चड्डीत वावरतात. 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा आजूबाजूच्या माडिया लोकांच्या अंगावर लंगोटीपलीकडे काही नसे. त्यांच्यात पँट-शर्ट घालून हिंडणं डॉ. आमटे यांना बरं वाटेना. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची तऱ्हा निराळी. पन्नासच्या दशकात पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या बायकांत त्या होत्या. मंगळसूत्र नाही, कुंकू नाही, पण साडी नेसलेली आणि संशोधनासाठी गावोगाव फिरलेली. काय ठेवायचं आणि काय टाकायचं याची त्यांची यादी त्यांनीच केलेली होती.

तिघांच्याही वेशामागे त्यांचं काम उभं आहे. कामावरून कपडे ठरले, मग कपड्यांवरून माणूस ओळखू येऊ लागला. हा क्रम उलटा केला की वेशभूषा स्पर्धा होते.

कपड्यांमुळे घालणाऱ्याच्या मनात काही बदलतं का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांनीही हाताळला आहे. 2012 मध्ये अमेरिकेतल्या हायो अॅडम आणि अॅडम गॅलिन्स्की या दोन संशोधकांचा एक प्रयोग खूप गाजला. विद्यार्थ्यांना एकच पांढरा कोट दिला. काहींना तो डॉक्टरांचा असल्याचं सांगितलं, काहींना चित्रकाराचा. डॉक्टरांचा समजून घातलेल्यांनी बारकावे टिपण्याची चाचणी जास्त चांगली सोडवली. कोट तोच, फक्त त्याचं नाव बदललेलं. वर्तमानपत्रांनी लगेच ‘कपडे बदला, बुद्धी बदला’ छापाचे मथळे दिले. पुढे इतरांनी या संशोधनातला एक प्रयोग जास्त विद्यार्थ्यांवर करून बघितला, तेव्हा तो परिणाम सापडला नाही. म्हणजे इस्त्रीचा शर्ट घातल्याने गणित सुटतं असं कुणी सांगितलं तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. पण मुलाखतीला जाताना ठरावीक शर्टच बाहेर काढणाऱ्याला किंवा परीक्षेला ‘लकी’ ड्रेसच घालणारीला हे पटवायला जाऊ नये. त्यांना बुद्धी नको असते, धीर हवा असतो, आणि तो त्या कपड्यातून मिळतो हे त्यांनी अनुभवलेलं असतं.

पुरुषांबद्दल इथे थोडं बोलायला हवं, कारण तो विषय थोडक्यातच आटोपतो. मराठी मध्यमवर्गीय पुरुषाने टोपी सोडली, धोतर सोडलं आणि त्यानंतर फारसं काही नवीन मनावर घेतलं नाही. अपवाद एक, तो म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला कार्यकर्ता. दुधासारखा पांढरा शर्ट, तशीच पँट, इस्त्री अशी की घडीवर बोट कापावं, कोल्हापुरी चप्पल, गॉगल, मनगटावर जाड कडं. धूळ आणि चिखलाच्या रस्त्यांवरून फिरताना हे सगळं पांढरं ठेवणं म्हणजे गाडी आहे, धुणारं कुणीतरी आहे आणि आपण स्वतः चिखलात उतरत नाही, हे न बोलता सांगणं आहे. गांधी टोपीचा पांढरा रंग साधेपणाचा होता. हा पांढरा रंग त्याचाच वंशज, पण बापाच्या वळणावर अजिबात गेलेला नाही. मुंबईच्या डबेवाल्यांच्या टोपीत मात्र जुना अर्थ शाबूत आहे.

बायकांच्या कपाटात गेल्या दहा-पंधरा वर्षांत खूप उलथापालथ झाली. खणाचं कापड हे त्याचं ठळक उदाहरण. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे खण विणण्याचं गाव. अरुंद पन्हा, दोन्ही बाजूंना काठ, मध्ये बारीक बुट्टी. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या चोळ्या शिवल्या गेल्या, ओटीत तो दिला गेला. पाचवारी आली, टू-बाय-टूचा ब्लाउज आला आणि खण ओटीपुरता उरला. ओटीतला खण पुढच्या ओटीत जायचा, अंगाला लागायचाच नाही. मग कुणीतरी तो उलगडला. खणाची साडी आली, कुर्ता आला, पिशव्या, डायऱ्या, कानातली, लहान मुलींची परकर-पोलकी आली. आजीच्या ट्रंकेतली इरकल जीन्सवरच्या जॅकेटसाठी कापली गेली, त्यावर काही आज्या हळहळल्या आणि काहींनी स्वतःच कात्री आणून दिली. बुगडी, ठुशी, बकुळीहार, कोल्हापुरी साज हे दागिने लॉकरमधून निघून ऑक्सिडाइज्ड आणि पितळी रूपात कॉलेजात पोचले. नाक टोचलेलं नसलेल्यांसाठी चापाची नथ आहे, ती लग्नाच्या हॉलबाहेर येताच पर्समध्ये जाते.

या लाटेवर नाक मुरडणारे आहेत. यंत्रमागावर विणलेला पॉलिएस्टरचा ‘खण’ हातमागाच्या नावाने खपतो, ही तक्रार रास्त आहे. इरकलीची खरी कलाकुसर जोडात असते: अंगाचा ताणा आणि पदराचा रेशमी ताणा एकेक धागा अडकवून जोडावा लागतो, त्याला टोपी-तेनी म्हणतात. छापील नकलेत हा जोड नसतोच. तो बघायला शिकलेली बाई पाचशे रुपयांच्या नकलेला भुलत नाही, आणि स्टाइलचा हा भाग सहसा सांगितला जात नाही. आवड म्हणजे अर्धी नजर असते, आणि नजर कापड हाताळून, उसवून, फसून तयार होते.

जुनं कापड पुन्हा वापरात आणण्याचं हेच काम गोव्यात एका डिझायनरने केलं. वेंडेल रॉड्रिक्स यांनी फॅशनच्या जगात नाव कमावल्यावर गावाकडच्या कुणबी साडीकडे मोर्चा वळवला. भाताच्या खाचरात काम करणाऱ्या बायकांची ही आखूड, लाल-पांढऱ्या चौकड्यांची साडी, खांद्यावर गाठ मारून नेसायची. शेतातली साडी शहराच्या दिवाणखान्यात आली. तिथे ती कुणाच्या अंगावर शोभून दिसली आणि कुणाच्या अंगावर नाटकातल्या पात्रासारखी, हे वेगळं सांगायला नको.

कोल्हापुरी चपलेचा प्रवास तर थेट मिलानपर्यंत झाला. कानवाली, कापशी, कुरुंदवाडी असे तिचे प्रकार. चामडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं, तळवे चामड्याच्याच वादीने शिवलेले, खिळा नाही. 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये तशीच चप्पल झळकली, पण कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. ओरड झाली, कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. या सगळ्या गदारोळात एक गोष्ट नजरेआड झाली. कोल्हापूरच्या माणसाला ती चप्पल आवडते, कारण पहिले काही दिवस ती पायाला चावते, मग तेल पिऊन मऊ होते आणि शेवटी पायाचा आकार घेते. दुसऱ्याच्या पायात ती बसत नाही. काचेच्या कपाटात ठेवलेल्या जोडीत हे गुण येत नाहीत.

दरम्यान फोनवर शैलींची नवी पाटी रोज लागते. ‘कॉटेजकोर’मध्ये लेसचे झगे, रानफुलं, घरचा पाव. ‘डार्क अकॅडेमिया’मध्ये तपकिरी कोट, जुनी पुस्तकं, मेणबत्त्या, याच्या मुळाशी डोना टार्ट यांची 1992 ची ‘द सीक्रेट हिस्ट्री’ ही कादंबरी सांगितली जाते. ‘ओल्ड मनी’मध्ये पिढीजात श्रीमंत दिसायचं, म्हणजे पैसे असल्याचं कळता कामा नये, पण कळलं तर पाहिजे. पुण्यातली मुलगी एप्रिलच्या उन्हात लोकरी कोटाचे फोटो जमवते, यात हसण्यासारखं आहेच. कॉटेजकोरच्या चित्रात चुलीच्या धुराने डोळे चुरचुरणारी कोकणातली काकू बसत नाही, फक्त तिच्या अंगणातली अबोली बसते. पण या पाट्यांचा एक उपयोग मान्य करायला हवा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला स्वतःला काय आवडतं हे सांगायला शब्द नसतात, या पाट्या ते पुरवतात. ‘मला काळं-तपकिरी आवडतं, पुस्तकं आवडतात, पाऊस आवडतो’ असं कुणी म्हटलं तर घरचे हसतील. त्याला नाव मिळालं की तशी आणखी माणसं असल्याचं कळतं. तोटा असा की नाव मिळालं की यादी येते, यादी आली की खरेदी येते आणि तीन महिन्यांनी यादी जुनी होते.

खरेदीच्या या चक्रातून अजून तरी थोडाफार सुटलेला माणूस म्हणजे नाक्यावरचा शिंपी. तयार कपड्यांनी त्याचा धंदा बराच खाल्ला, तरी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस त्याच्याकडेच येतात. त्याला फोनवरचा फोटो दाखवायचा, मग त्यातलं काय नको ते सांगायचं: ‘हा गळा, पण एवढा खोल नको. बाही कोपरापर्यंत. मागे हुक नको, मी एकटी राहते, लावायला कुणी नाही.’ तो पेन कानामागून काढतो, वहीत मापं लिहितो, ब्लाउजपीसचा कोपरा कापून पावतीला टाचतो. अलीकडे त्याच्या वहीत एक नवीन मागणी सारखी येते आहे. बायकांना कुर्त्याला खिसा हवा आहे, आणि शोभेचा नाही, हातभर खोल. काहीजणी परकरालाही शिवून घेतात. लोकलच्या दाराशी लोंबकळताना पर्स सांभाळायची की मोबाइल, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडवला आहे, आणि शिंप्याने त्याचे जादा पैसे लावायला सुरुवात केली आहे.